खिशातल्या म्युझिक प्लेअरचे आयुष्य: बिघाड ओळखणे, दुरुस्ती आणि जपणूक

म्युझिक प्लेअर बंद पडला असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा त्यातला एकच भाग बंद पडलेला असतो आणि बाकीचे सगळे ठणठणीत असते. गाणी साठवणारी फ्लॅश चिप, आकड्यांचे आवाजात रूपांतर करणारी चिप आणि पडदा हे भाग पंधरा-वीस वर्षे सहज काढतात. लिथियम बॅटरी मात्र रोजच्या वापरात तीन-चार वर्षांनी दमू लागते, कॅसेटच्या यंत्रातला रबरी पट्टा सैल पडतो आणि ज्या सॉफ्टवेअरमधून गाणी भरायची ते नव्या संगणकावर चालेनासे होते. त्यामुळे प्लेअरचे आयुष्य त्यातल्या सर्वांत अल्पायुषी भागावर ठरते, आणि त्याहूनही जास्त तो भाग बदलता येतो की नाही यावर ठरते. नियोजित कालबाह्यता नेमकी इथे शिरते. झिजणारा भाग गोंदाने चिकटवायचा की झाकणाखाली ठेवायचा, त्याचा सुटा भाग विकायचा की नाही, हे निर्णय उत्पादक आराखड्याच्या टप्प्यावरच घेतो आणि त्याची किंमत वापरणाऱ्याला काही वर्षांनी मोजावी लागते.

कालबाह्यतेचे प्रकार आधी वेगळे करावेत

नियोजित कालबाह्यतेचे सर्वांत चर्चिले गेलेले उदाहरण विजेच्या दिव्यांचे आहे. १९२४मध्ये जिनिव्हात फीबस नावाने एकत्र आलेल्या दिवे-उत्पादकांनी दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणण्याचे ठरवले आणि ज्याचे दिवे जास्त टिकतील त्या सदस्याला दंड करण्याची व्यवस्था केली. हा आयुष्य कमी करण्याचा उघड कट होता. १९५४च्या सुमारास अमेरिकी औद्योगिक रचनाकार ब्रुक्स स्टीव्हन्स यांनी मात्र याच शब्दप्रयोगाला वेगळा अर्थ दिला. ग्राहकाच्या मनात गरजेपेक्षा थोडे आधीच, थोड्या नव्या आणि थोड्या चांगल्या वस्तूची इच्छा निर्माण करणे, असा तो अर्थ होता. या दुसऱ्या प्रकारात जुनी वस्तू मोडावी लागतच नाही.

म्युझिक प्लेअरच्या इतिहासात पहिला प्रकार क्वचित आणि दुसरा सर्रास आढळतो. जानेवारी २००४मध्ये जाहीर झालेला अ‍ॅपलचा आयपॉड मिनी धडाक्याने विकला जात असतानाच सप्टेंबर २००५मध्ये मागे घेण्यात आला आणि त्याच्या जागी आयपॉड नॅनो आला; तोवर विकलेले मिनी त्या दिवशीही तितकेच चांगले वाजत होते. या दोन प्रकारांच्या मध्ये तिसरा एक प्रकार आहे आणि आपल्याला प्रत्यक्ष झळ पोहोचते ती त्याची. यात झिजणारा भाग बंद कवचात ठेवला जातो. २००१च्या पहिल्या आयपॉडची बॅटरी वापरणाऱ्याने बदलायची नव्हती. २००३मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन भावांनी अठरा महिन्यांत निकामी झालेल्या बॅटरीबद्दल केलेली छोटी चित्रफीत इंटरनेटवर पसरली, त्याच सुमारास अ‍ॅपलने ९९ डॉलरांत बॅटरी बदलून देण्याची योजना जाहीर केली आणि पुढे २००५मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात तडजोड केली. याउलट १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीला आलेला सोनीचा पहिला वॉकमन दोन पेन्सिल सेलवर चालत असे, आणि त्याच मापाचे सेल आजही कुठेही मिळतात. त्या वॉकमनचा विजेचा प्रश्न चाळीसहून अधिक वर्षांनंतरही सुटलेलाच आहे.

उत्पादकाची बाजूही खरी आहे. चपटी, बंद बॅटरी बसवल्यामुळे यंत्र पातळ होते आणि झाकण, स्प्रिंग, कप्प्याच्या भिंती यांची जागा वाचते. म्हणून प्रत्येक चिकटवलेल्या बॅटरीमागे कारस्थान शोधू नये. मात्र सुटी बॅटरी न विकणे आणि दुरुस्तीची माहिती न देणे यांना पातळपणाची सबब चालत नाही, असे माझे मत आहे.

पहिली पायरी: नेमके काय बंद पडले आहे ते ठरवणे

प्लेअर उघडण्याआधी बाहेरून जेवढे कळते तेवढे कळून घ्यावे, कारण अनेक ‘मेलेले’ प्लेअर केवळ केबल बदलल्याने सुरू होतात. यूएसबी-सी पोर्ट असलेल्या काही स्वस्त प्लेअरमध्ये एक विशिष्ट खोड असते. त्यांच्या पोर्टमागे ५.१ किलोओहमचे दोन छोटे रोधक बसवलेले नसतात, त्यामुळे दोन्ही टोकांना सी असलेली केबल लावली की चार्जरला पलीकडे काही जोडले आहे हे कळतच नाही आणि तो वीज सोडत नाही. तोच प्लेअर जुन्या चौकोनी ए पोर्टमधून निघणाऱ्या केबलला लावला की निमूटपणे चार्ज होऊ लागतो. त्यामुळे अशा प्लेअरवर पहिला प्रयोग हाच करावा.

त्यानंतर प्लेअर किमान अर्धा तास चार्जिंगला ठेवावा, कारण अगदी रिकाम्या बॅटरीला आतले परिपथ सुरुवातीला फार थोडा प्रवाह देतात आणि पडदा बराच वेळ काळाच राहतो. मग सक्तीने रीसेट करून पाहावे. चक्राच्या आयपॉडवर होल्डची कळ एकदा पुढे-मागे करून मेन्यू आणि मधले बटण सहा ते दहा सेकंद एकत्र दाबून ठेवले की तो पुन्हा सुरू होतो. बहुतेक इतर प्लेअरवर पॉवरचे बटण दहा ते वीस सेकंद दाबावे लागते. एवढे करूनही पडदा उजळला नाही, तर प्लेअर संगणकाला जोडून तो ओळखला जातो का ते पाहावे. संगणकाला तो डिस्क म्हणून दिसत असेल तर मुख्य बोर्ड जिवंत आहे आणि दोष पडद्यात किंवा बटणांत आहे. केबल काढताच बंद पडत असेल तर बॅटरी गेली आहे. सुरू होऊन बोधचिन्हावरच अडकत असेल तर साठवण किंवा फर्मवेअर (यंत्र चालवणारे आतले मूळ सॉफ्टवेअर) बिघडले आहे. हे तीन निष्कर्ष जवळपास नेहमी कामी येतात.

सॉफ्टवेअरचा दोष हार्डवेअरच्या दोषासारखा कसा दिसतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. ३१ डिसेंबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्टचे ३० गिगाबाइटचे झून प्लेअर एकाच दिवशी जगभर गोठले. ते लीप वर्ष होते, वर्षाचा ३६६वा दिवस उजाडला होता आणि तारीख मोजणारा कोड त्या दिवशी एका न संपणाऱ्या फेऱ्यात अडकत होता. कंपनीने सुचवलेला उपाय असा होता की बॅटरी पूर्ण उतरू द्यावी आणि १ जानेवारी उजाडल्यावर प्लेअर पुन्हा चार्ज करावा. तसे केल्यावर सगळे प्लेअर पूर्ववत झाले. त्या एका दिवसात ज्यांनी आपला प्लेअर कचऱ्यात टाकला असेल त्यांची गत सांगायला नको.

दुसरी पायरी: बॅटरी

या साऱ्या विषयात सर्वांत जास्त लक्ष द्यावे असा भाग बॅटरी हाच आहे. साधारण लिथियम-आयन बॅटरी ३०० ते ५०० पूर्ण चक्रांनंतर मूळ क्षमतेच्या सुमारे ८० टक्क्यांवर येते. अर्धी-अर्धी दोनदा भरली तर ते एक चक्र धरावे. चक्रांइतकेच नुकसान उष्णता आणि सतत भरलेली अवस्था यांमुळे होते. प्लेअर १०० टक्के चार्ज करून बंद मोटारीत उन्हात ठेवणे हा बॅटरी मारण्याचा खात्रीशीर मार्ग आहे. रोजच्या वापरात २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान राहिलेली बॅटरी लक्षणीय जास्त टिकते. पण या नियमाचा फार बाऊ करू नये, कारण प्रवासाला निघताना प्लेअर पूर्ण भरल्याने काही आभाळ कोसळत नाही. महिनोन्‌महिने ठेवून द्यायचा असेल तेव्हा मात्र तो साधारण निम्मा चार्ज करून थंड, कोरड्या जागी ठेवावा आणि दर तीन-चार महिन्यांनी तपासावा. कपाटात विसरलेल्या प्लेअरची बॅटरी हळूहळू पूर्ण उतरते, आणि २.५ व्होल्टच्या खाली बराच काळ राहिलेल्या सेलमध्ये आतल्या आत बिघाड होतो. तो चार्ज करून पुन्हा जिवंत करण्याच्या भानगडीत पडू नये.

बॅटरी बदलायची झाल्यास आधी ती फुगली आहे का ते पाहावे. कवचाची फट रुंदावणे, पडदा एका बाजूने उचलला जाणे किंवा पडद्यावर डाग दिसणे ही फुगल्याची खूण आहे. फुगलेली बॅटरी दाबून पुन्हा बसवू नये, तिला टोचू नये आणि चार्जिंगला तर मुळीच लावू नये. काम करताना जवळ कोरड्या वाळूचे भांडे ठेवावे आणि काम दारे-खिडक्या उघड्या असलेल्या जागी करावे. काम सुरू करण्याआधी धड बॅटरीसुद्धा शक्य तितकी उतरवून घ्यावी.

उघडण्याचे तंत्र मॉडेलनुसार बदलते, पण काही गोष्टी सर्वत्र सारख्या असतात. स्क्रू दिसत नसतील तर ते चिकटपट्टीखाली किंवा रबरी पायांखाली लपलेले असू शकतात. स्क्रू नसतीलच तर कवच खाचांनी किंवा गोंदाने बसवलेले असते. अशा वेळी हेअर ड्रायरची सौम्य ऊब देऊन, धातूऐवजी प्लास्टिकची पातळ पट्टी फटीत सरकवत हळूहळू एकेक खाच सोडवावी. पाचव्या पिढीच्या आयपॉडमध्ये हे काम तुलनेने सोपे असले तरी खरा धोका शेवटच्या क्षणी येतो. बॅटरी मागच्या धातूच्या झाकणाला चिकटलेली असते, हेडफोनचा जॅक आणि होल्डची कळही त्याच झाकणावर असतात, आणि दोन्हींच्या कागदासारख्या पातळ फिती पुढच्या अर्ध्यातल्या बोर्डाला जोडलेल्या असतात. दोन अर्धे वेगळे झाल्याच्या आनंदात ते पुस्तकासारखे झटक्यात उघडले की फीत फाटते. म्हणून फट जेमतेम एक-दोन सेंटीमीटर उघडून बॅटरीच्या फितीची खिटी नखाने किंवा चिमट्याने अलगद वर करावी, फीत बाहेर ओढून घ्यावी आणि मगच झाकण बाजूला वळवावे. आयपॉड क्लासिकचा पुढचा भागही धातूचा असून अनेक खाचांनी घट्ट बसवलेला असल्याने तो न वाकवता उघडणे अवघड असते, आणि पुढच्या नॅनोंमध्ये बॅटरी थेट बोर्डाला सोल्डर केलेली असते. ज्याने कधी सोल्डरिंगची लेखणी हातात धरलेली नाही त्याने आपला पहिला धडा नॅनोवर गिरवू नये.

चिकटलेली बॅटरी उचकटताना ती वाकू देऊ नये. कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब सोडून काही मिनिटे थांबल्यास गोंद सैल होतो. नवी बॅटरी निवडताना लांबी, रुंदी आणि जाडी मिलिमीटरमध्ये मोजून जुळवावी, कारण बहुतेक चपट्या सेलवरचा आकडाच त्यांचे माप सांगतो: ४०३०४० म्हणजे ४.० मिलिमीटर जाड, ३० रुंद आणि ४० लांब. तेवढ्याच मापात मूळ बॅटरीच्या दुप्पट क्षमता छापलेली दिसली तर ती छपाई खोटी आहे असे खुशाल समजावे. तसेच ‘मूळ कंपनीची, न वापरलेली’ म्हणून दहा वर्षे गोदामात पडलेली बॅटरी घेऊ नये. लिथियम सेल वापराविनाही म्हातारा होतो, म्हणून त्यावरची उत्पादनाची तारीख पाहावी. जोडणीचा प्लग जुळला तरी तारांची धन-ऋण बाजू उलटी असू शकते, त्यामुळे जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने खात्री करून घेणे हा या कामातला सर्वांत स्वस्त विमा आहे. तिसरी तार असल्यास ती बहुधा तापमान कळवणारी असते आणि ती वगळली तर काही प्लेअर चार्ज होण्यास नकार देतात.

पेन्सिल सेलवर चालणाऱ्या प्लेअरचा शत्रू वेगळा आहे. आत विसरलेला अल्कलाइन सेल गळतो, पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येते आणि संपर्कपट्ट्यांवर पांढरी-निळसर खरड जमते. हातमोजे घालून, कापसाच्या काडीवर थोडे व्हिनेगर घेऊन ती विरघळवावी, नंतर अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावे आणि पट्टीचे धातू उघडे पडले असल्यास बारीक काचकागदाने हलकेच घासावे. रोजच्या वापरासाठी पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल बरे. त्यांचा व्होल्टेज १.५ऐवजी १.२ असला तरी बहुतेक प्लेअर त्यावर नीट चालतात, आणि हे सेल गळण्याचे प्रमाणही पुष्कळ कमी आहे.

तिसरी पायरी: साठवण

२००१ ते २०१४ या काळातल्या मोठ्या क्षमतेच्या प्लेअरमध्ये १.८ इंची हार्ड डिस्क असे. ती फिरते, धक्के खाते आणि एक दिवस टिकटिक करू लागते. तो आवाज ऐकताच दुसरे काहीही न करता आधी गाणी संगणकावर उतरवून घ्यावीत. त्यानंतर डिस्कच्या जागी मेमरी कार्ड बसवणारा अ‍ॅडॅप्टर लावता येतो. आयपॉड मिनीमध्ये तर मूळ मायक्रोड्राइव्हच्याच आकाराचे कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड थेट बसते. फिरणारा भाग गेल्यामुळे वीज कमी लागते, धक्क्याची भीती राहत नाही आणि वीस वर्षांपूर्वीच्या यंत्रात मूळ क्षमतेच्या कितीतरी पट गाणी मावतात. मर्यादाही असतात: २००७ आणि २००८च्या क्लासिकचे मूळ फर्मवेअर साधारण १२८ गिगाबाइटपलीकडची जागा ओळखत नाही, आणि गाण्यांची यादी कार्यकारी स्मृतीत मावावी लागत असल्याने फार मोठा संग्रह भरल्यास कमी स्मृतीची मॉडेल अडखळतात.

मायक्रोएसडी कार्ड घालता येणाऱ्या प्लेअरची गोष्ट सोपी आहे, फक्त दोन सापळे टाळावे लागतात. एक म्हणजे बनावट कार्ड. ते स्वतःची क्षमता मोठी सांगते आणि खरी जागा संपली की जुन्या गाण्यांवरच नवी लिहीत जाते, म्हणून नवे कार्ड काठोकाठ भरून ते सारे परत वाचणाऱ्या एफ३ किंवा एच२टेस्टडब्ल्यूसारख्या मोफत साधनाने आधी तपासावे. दुसरा सापळा फॉरमॅटचा आहे. ३२ गिगाबाइटपेक्षा मोठी कार्डे एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात आणि जुने प्लेअर फक्त फॅट३२ वाचतात. कार्ड फॅट३२मध्ये फॉरमॅट केले की ‘कार्ड चालत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा मिटते.

फ्लॅश स्मृतीची झीज लिहिण्याने होते, वाचण्याने फारशी नाही. प्लेअरमध्ये आपण एकदा भरतो आणि हजारदा ऐकतो, त्यामुळे ही चिंता इथे जवळजवळ लागू होत नाही.

चौथी पायरी: कॅसेट आणि सीडीची यंत्रणा

कॅसेट प्लेअर सुरू होतो पण टेप फिरत नाही, किंवा आवाज रडका आणि लडबडता येतो, यामागे दहापैकी आठ-नऊ वेळा रबरी पट्टा असतो. जुना रबर एकतर ताणून सैल होतो किंवा वितळून डांबरासारखा चिकट होतो. वितळलेला पट्टा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने प्रत्येक चाकाच्या खाचेतून पूर्ण काढावा, कारण उरलेला एक चिकट कणही फिरताना दर फेरीला आवाज हलवतो. नव्या पट्ट्याचे माप जुन्या ताणलेल्या पट्ट्यावरून घेऊ नये. पट्ट्याच्या मार्गावरून चाकांभोवती बारीक दोरा फिरवून त्याची लांबी मोजावी आणि त्याहून थोडा आखूड पट्टा घ्यावा. चपटा पट्टा होता तिथे चौकोनी छेदाचा बसवू नये.

पट्टा बदलल्यावर वेग तपासावा लागतो. कॅसेटचा प्रमाणित वेग सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर आहे. ३,००० किंवा ३,१५० हर्ट्‌झचा स्वर ध्वनिमुद्रित केलेली चाचणी-कॅसेट वाजवून फोनवरच्या वारंवारता मोजणाऱ्या मोफत अ‍ॅपमध्ये आकडा पाहावा. ३,१५०च्या जागी ३,३०० दिसला तर वेग सुमारे पाच टक्क्यांनी जास्त आहे, म्हणजे गाणे जवळजवळ अर्ध्या स्वराने चढे ऐकू येत असणार. मोटरच्या मागच्या छिद्रात किंवा बोर्डावर बारीक स्क्रूसारखा नियंत्रक असतो, तो अंशाअंशाने फिरवून आकडा जुळवावा. टेपवरचा आवाज वाचणारे हेड, टेप पुढे ओढणारा कॅप्स्टनचा दांडा आणि टेप त्यावर दाबून धरणारा पिंच रोलर अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसणे हे मात्र यंत्र न खोलता, नुसते कॅसेटचे दार उघडूनही होते, आणि आवाज दबका येत असल्यास आधी हेच करावे.

सीडी प्लेअर अडखळत असेल तर भिंगावर ब्लोअरने हवा मारावी, मग अल्कोहोलने किंचित ओलसर केलेली कापसाची काडी न दाबता फिरवावी आणि लेझर सरकतो त्या दांड्यावरचे वाळलेले ग्रीस पुसून नवे अगदी थोडे लावावे. लेझरच क्षीण झाला असेल तर पूर्ण पिकअप, म्हणजे लेझर आणि भिंगाचा अख्खा भाग, बदलावा लागतो. नव्या पिकअपवर स्थिरविजेपासून संरक्षण म्हणून सोल्डरचा एक थेंब मुद्दाम दिलेला असतो. फीत जोडल्यावर तो काढायचा राहिला तर नवा भागही मेलेलाच वाटतो.

काही ठिकाणी यंत्रापेक्षा माध्यमच आधी संपते. सोनीने मिनीडिस्क या ध्वनिमुद्रण करता येणाऱ्या छोट्या चकतीचे पोर्टेबल प्लेअर २०११मध्ये आणि कोऱ्या मिनीडिस्कचे उत्पादन फेब्रुवारी २०२५मध्ये थांबवले. अशा यंत्राचा मालक दुरुस्ती शिकला तरी पुरेसे नाही, त्याने कोऱ्या डिस्कचा साठाही जपून वापरायला हवा.

पाचवी पायरी: पोर्ट, जॅक आणि बटणे

हेडफोनचा एका बाजूचा आवाज जात असेल तर आधी दुसरा हेडफोन लावून पाहावा, मग जॅकमध्ये साचलेली खिशातली लोकर लाकडी टोकदार काडीने काढावी. त्यानंतरही प्लग हलवल्यावर आवाज येत-जात असेल तर बोर्डावरचे सोल्डर तडकलेले असते आणि ते पुन्हा वितळवले की काम होते. चार्जिंगच्या पोर्टचेही तसेच आहे. बटणे अडकत असतील तर संपर्क साफ करण्याचा फवारा पुरतो.

सहावी पायरी: सॉफ्टवेअर आणि कुलपे

यंत्र धड असताना ते निरुपयोगी करण्याची ताकद सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि कालबाह्यतेचा हा प्रकार मला सर्वांत आक्षेपार्ह वाटतो, कारण तो पाना-स्क्रू ड्रायव्हरने दुरुस्त होत नाही. एप्रिल २००८मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएसएन म्युझिक या आपल्या ऑनलाइन दुकानातून विकलेल्या कुलूपबंद (परवान्याशिवाय न उघडणाऱ्या) गाण्यांचे परवाना-सर्व्हर बंद करण्याची घोषणा केली. ज्यांनी रीतसर पैसे भरले होते त्यांनाच नव्या संगणकावर आपली गाणी उघडता आली नसती. ओरड झाल्यावर मुदत २०११च्या अखेरीपर्यंत वाढवण्यात आली. झूनची सेवा १५ नोव्हेंबर २०१५ रोजी संपली. अँड्रॉइडवर चालणाऱ्या महागड्या प्लेअरमध्येही हेच घडते. त्यांची ध्वनी-चिप उत्तम राहते, पण प्रणाली जुन्या आवृत्तीवर अडकते आणि काही वर्षांत स्ट्रीमिंगची अ‍ॅप त्या आवृत्तीला सोडून देतात.

यावर उपाय आधीच करायचा असतो. आपला संग्रह कुलूप नसलेल्या फॉरमॅटमध्ये ठेवावा. मूळ सीडीवरून एकदाच फ्लॅकमध्ये (आवाजातले काहीही न गाळणाऱ्या फॉरमॅटमध्ये) उतरवून ती प्रत मुख्य मानावी आणि प्लेअरसाठी तिच्यापासून एमपी३ किंवा लागेल तो प्रकार तयार करावा, कारण एका दाबलेल्या फॉरमॅटमधून दुसऱ्यात रूपांतर करत गेल्यास दर वेळी काहीतरी गळते. एमपी३ची पेटंटे संपली असून त्याचा परवाना-कार्यक्रमही एप्रिल २०१७मध्ये बंद झाला, त्यामुळे तो वाचणारे यंत्र यापुढेही सहज मिळत राहील. संग्रहाच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर असाव्यात आणि प्लेअर ही त्यांपैकी एक धरू नये. गाण्याचे नाव, गायक वगैरे माहिती फाइलीतच नोंदवण्याची जी आयडी३ नावाची पद्धत आहे, तिच्या २.३ आवृत्तीत ती लिहावी. जुन्या प्लेअरना ती नीट कळते. प्लेअरचे शेवटचे फर्मवेअर आणि त्याचे संगणकावरचे सॉफ्टवेअर उपलब्ध आहे तोवर उतरवून जपून ठेवावे, कारण उत्पादकाच्या संकेतस्थळावरून ते पान कधी नाहीसे होईल याची पूर्वसूचना मिळत नाही.

मूळ सॉफ्टवेअरने साथ सोडली असेल तर रॉकबॉक्ससारखे मुक्त फर्मवेअर हा मोठा आधार आहे. २००१मध्ये आर्कोसच्या प्लेअरसाठी सुरू झालेला हा प्रकल्प आज अनेक आयपॉड, सॅनडिस्क आणि आयरिव्हरच्या मॉडेलवर चालतो. ते बसवल्यावर फाइली फोल्डरमध्ये ओढून टाकल्या की काम होते, फ्लॅक वाजते आणि आयपॉडमध्ये गाणी भरणाऱ्या अ‍ॅपलच्या आयट्यून्स सॉफ्टवेअरची गरज उरत नाही. बसवण्यापूर्वी आपले नेमके मॉडेल यादीत आहे याची खात्री करावी, बॅटरी भरलेली ठेवावी आणि मूळ फर्मवेअरची प्रत बाजूला काढावी. आयपॉड टचच्या मालकांना एक वेगळा इशारा द्यावासा वाटतो. तो पुसून पुन्हा बसवताना कंपनीच्या सर्व्हरची मंजुरी लागते, म्हणून जुना टच सुरळीत चालत असेल तर उगाच रीस्टोअर करू नये.

सातवी पायरी: घेताना काय विचारावे

प्लेअर घेताना ध्वनीच्या गुणवत्तेआधी पुढचे प्रश्न विचारावेत. संगणकाला जोडल्यावर तो साधी डिस्क म्हणून दिसतो का, की खास सॉफ्टवेअर लागते? कार्ड घालण्याची सोय आहे का? बॅटरी प्लगने जोडलेली आहे की सोल्डर केलेली, आणि त्या मापाचा सेल खुल्या बाजारात मिळतो का? खाते न उघडता, इंटरनेटशिवाय तो सुरू होतो का? या चारही प्रश्नांची उत्तरे अनुकूल असलेला साधा प्लेअर, उत्तम चिप असलेल्या पण बंदिस्त प्लेअरपेक्षा जास्त वर्षे साथ देतो. जुना प्लेअर घेत असल्यास विक्रेत्याकडून तो चालू असतानाचा व्हिडिओ मागावा. एकाच मॉडेलचे दोन नादुरुस्त नग घेऊन त्यांचा एक धड करणे हाही रास्त मार्ग आहे.

कायदे हळूहळू बदलत आहेत. फ्रान्सने २०१५मध्ये नियोजित कालबाह्यतेला गुन्हा ठरवले आणि १ जानेवारी २०२१पासून काही उपकरणांवर दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापणे बंधनकारक केले. युरोपीय संघाच्या २०२३च्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७पासून, काही अपवाद वगळता, उपकरणातली पोर्टेबल बॅटरी वापरणाऱ्याला बाजारात मिळणाऱ्या साध्या हत्यारांनी काढता आली पाहिजे. युरोपसाठी बनवलेला आराखडाच इतरत्रही विकला गेला तर त्याचा लाभ बाहेरच्यांनाही होईल, मात्र तोवर खरेदीची घाई नसेल तर थोडे थांबणे शहाणपणाचे आहे.

दुरुस्ती कुठे थांबवावी

बोर्डावर पाणी जाऊन गंज चढला असेल, मुख्य चिप तापून संगणकाला प्लेअर मुळीच दिसत नसेल, किंवा पडद्याचा सुटा भाग प्लेअरइतकाच महाग असेल, तर थांबावे. अशा प्लेअरमधून आपली गाणी, खाते आणि कार्ड काढून घ्यावे. जॅक, बटणे, कवच आणि स्क्रू पुढच्या दुरुस्तीसाठी डबीत ठेवावेत. बॅटरी मात्र वेगळी काढून तिच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावावी आणि ती ई-कचरा संकलनात बॅटरीच्या स्वतंत्र खोक्यात द्यावी, कारण कचरा दाबणाऱ्या गाडीत चिरडलेला लिथियम सेल पेट घेतो. बॅटरी काढता येत नसेल तर प्लेअर अख्खा द्यावा आणि आत लिथियम बॅटरी आहे हे घेणाऱ्याला तोंडी सांगावे.